मुलीचं नाव 'अनाहिता' ठेवावं का? नेमका अर्थ काय?

सायली_सिंहगडरोड

नमस्कार मंडळी. आम्हाला मुलगी झाली. बारसं पुढच्या महिन्यात करायचं म्हणतोय आणि नावावरून घरात रोज परिषद भरते आहे. मला आणि नवऱ्याला 'अनाहिता' आवडलंय.

हे नाव मी शिकत असताना ऐकलं. आमच्या फ्लॅटवर फार्मसीला असलेली एक इराणी मुलगी राहायची. तिच्या धाकट्या बहिणीचं हे नाव. फोनवर ती पहिला 'आ' लांबवून आणि शेवटच्या 'ता'वर जोर देऊन हाक मारायची. ते कानात बसलं ते बसलंच.

सासूबाईंचं म्हणणं, हे 'अनाहूत'सारखं वाटतं, लोक म्हणतील नको असताना आली की काय. सासरे संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांनी कोश काढून 'अनाहिताग्नि' दाखवला, म्हणजे ज्याने घरात अग्नी स्थापन केलेला नाही असा माणूस. "पहिल्या नातीला 'न ठेवलेली' असं नाव ठेवायचं?" असा त्यांचा प्रश्न. विनोद त्यांच्या लक्षात आला नाही, आम्ही हसलोही नाही.

नावांच्या साइटवर कुठे 'पवित्र', कुठे 'निष्पाप', कुठे 'कोमल', तर एका ठिकाणी चक्क 'शुक्रतारा' लिहिलंय. यातलं खरं काय? हे देवीचं नाव आहे असंही वाचलं. आपण ठेवलं तर पारशी लोकांना खटकेल का? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, सासऱ्यांना वाचून दाखवायचं आहे.

टवाळ_पेठकर

नाव छान आहे. फक्त शाळेत हजेरी घेणाऱ्या बाई पहिलं वर्षभर 'अनिता' म्हणतील आणि दुसऱ्या वर्षी तुम्हीही सांगायचं सोडून द्याल.

गीर्वाण

तुमच्या सासऱ्यांचा कोश बरोबर आहे, पण तो या शब्दाचा कोश नाही. संस्कृत 'आहित' हा 'धा' धातूपासून येतो: ठेवलेला, स्थापलेला. 'विहित', 'निहित', 'हित' हे त्याचेच भाऊ. या 'धा'चं रूप अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथाच्या भाषेत, 'दात' असं होतं, 'हित' नाही. त्यामुळे अवेस्तातला 'आहित' हा निराळाच शब्द. त्याचा अर्थ डागाळलेला, मळलेला. त्याला नकाराचा 'अन्' लागला की अनाहिता, म्हणजे जिला डाग नाही ती. अन् + आहिता ही फोड दोन्हीकडे सारखीच पडते म्हणून गोंधळ होतो. सासऱ्यांना एवढं सांगितलं तर ते खूश होतील, संस्कृतच्या माणसाला फोड दिली की निम्मं भांडण मिटतं.

चिकूवाली_डहाणू

सायली, आधी मुबारकबाद दिकरा. मी डहाणूची इराणी, म्हणजे पारशांच्याच जरथोस्ती धर्माची. शहरातले कॅफेवाले इराणी आमचेच भाऊबंद. आमच्या वाडवडिलांनी इथे येऊन चिकू लावले, एवढाच फरक. आजोबा यज़्दजवळच्या खेड्यातून आले. घरात म्हातारी माणसं 'दरी' ही आमची यज़्दकडची बोली बोलायची, बाजारात गुजराती, आणि मी शिकले मराठी शाळेत. त्यामुळे या नावाबद्दल बोलायचा थोडा हक्क मला आहे असं समजते.

पहिली गोष्ट, ती नावांची साइट बंद कर. 'कोमल' ज्याने लिहिलं त्याला आवां यश्त वाचायला बसवलं पाहिजे. यश्त म्हणजे स्तोत्र. अवेस्तातलं हे पाचवं यश्त, फार लांबलचक, आणि सगळं अनाहितावर. तिथे तिला तीन शब्दांनी हाक मारतात: अरेद्वी सूरा अनाहिता. 'सूरा' म्हणजे तुझ्या सासऱ्यांचा 'शूर'च, बळाची. 'अरेद्वी'चा अर्थ ओली, पाण्याने भरलेली असा लावतात. 'अनाहिता'चा अर्थ वर गीर्वाण यांनी सांगितलाच. तिन्ही विशेषणं आहेत हे लक्षात घे. म्हणून काही विद्वानांचा तर्क असा की तिचं मूळ नाव हरह्वती असावं. आपल्याकडे 'स' तिथे अवेस्तात 'ह', सप्तचं हप्त होतं तसं. आता हरह्वतीतल्या 'ह'च्या जागी 'स' घालून वाच. सासऱ्यांना हे आधी सांग, अग्नीचं नंतर.

'निर्मळ' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खाली मान घातलेली मुलगी येते. ही तसली नाही. ही नदी आहे. हुकैर्य पर्वतावरून, हजार पुरुष उंचीवरून, ती खाली वोउरुकश समुद्रात कोसळते आणि सगळ्या समुद्राचे काठ उसळतात. तिचे हजार तलाव आणि हजार प्रवाह, आणि एकेक एवढा लांब की चांगल्या घोड्यावरच्या स्वाराला चाळीस दिवस लागावेत. तिच्या रथाला चार पांढरे घोडे आहेत: वारा, पाऊस, ढग आणि गारठ्यातला बर्फाळ पाऊस. डोक्यावर शंभर ताऱ्यांचा सोन्याचा मुकुट, कानात सोन्याची कर्णभूषणं, अंगावर तीस बीव्हरांच्या कातड्यांचा झगा. तेही साधे बीव्हर नाहीत, चार पिल्लं झालेल्या माद्या, कारण त्यांचं कातडं जास्त चमकतं! यश्त रचणाऱ्या माणसाने बाजारात बसून कातडी पारखलेली असणार, मला तरी शंका नाही.

तू आत्ता बाळंतीण आहेस म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. यश्ताच्या सुरुवातीलाच तिची कामं सांगितली आहेत. ती पुरुषांचं बीज शुद्ध करते, बायकांचे गर्भाशय शुद्ध करते, बाळंतपण सुखरूप करते आणि आईला योग्य वेळी योग्य तेवढं दूध देते. राजे तिच्याकडे विजय मागतात, लढवय्ये वेगवान घोडे मागतात, पुरोहित ज्ञान मागतात, लग्नाच्या मुली चांगला धडधाकट नवरा मागतात. ती मागेल त्याला देत नाही हं. तीन तोंडांचा अज़ी दहाक, म्हणजे पुढे फिरदौसीच्या शाहनामा या महाकाव्यात जो ज़ह्हाक होतो तो, शंभर घोडे, हजार बैल, दहा हजार मेंढ्या अर्पण करून मागतो की सातही खंडांतली माणसं मला संपवू दे. ती नकार देते. इराणचा वैरी राजा अफ्रासियाब, त्यालाही नकार.

मला सगळ्यात आवडतो तो नावाडी. पाउर्व त्याचं नाव. फरीदून या वीराने त्याला गिधाडाच्या रूपात आभाळात भिरकावलं. तीन दिवस, तीन रात्री बिचारा आपल्या घराच्या दिशेने उडत राहिला, पण खाली उतरता येईना. तिसऱ्या रात्रीच्या शेवटी, पहाटे, त्याने हिला हाक मारली: मला माझ्या घरी, जमिनीवर पोचव. ती तरण्याताठ्या उंच मुलीच्या रूपात आली, त्याचा दंड घट्ट धरला आणि त्याला धडधाकट त्याच्या दारात उतरवलं. राजांच्या रांगेत हा एक नावाडी कसा घुसला कोण जाणे, पण आजी मला नेमकी त्याचीच गोष्ट सांगायची. लढायांत तिला रस नव्हता.

'पवित्र' हा अर्थ चूक नाही, अपुरा आहे. वाहतं पाणी ज्या जोरावर स्वच्छ राहतं तो जोर त्या शब्दात आहे. तुझ्या मुलीला 'निष्पाप' वगैरे व्हायची सक्ती नको, तिला घोडे दे.

सायली_सिंहगडरोड

मावशी, किती सुंदर लिहिलंत. नवऱ्याने सासऱ्यांना हरह्वतीचा भाग वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण कोश परत कपाटात गेला. दुधाचा भाग सासूबाईंनी दोनदा वाचायला लावला.

अजून विचारते. हे नुसतं ग्रंथातलं आहे की इराणमध्ये तिची देवळं वगैरे होती? आणि शुक्रताऱ्याची काय भानगड आहे?

दाभोळी_बंदर

शुक्रताऱ्याचं मी सांगतो, ते आमच्या घरातलं आहे. माझ्या सख्ख्या खालाचं, म्हणजे मावशीचं, नाव नाहीद. रत्नागिरी जिल्ह्यात आमच्या मुसलमान वस्तीत त्या वयाच्या नाहीद बऱ्याच सापडतील. फारसीत शुक्राला नाहीद म्हणतात, अरबीत ज़ुहरा. म्हणजे नाहीद आणि ज़ोहरा या अर्थाने जुळ्या बहिणी. आणि हे नाहीद आलं अनाहितावरूनच: मधल्या काळातल्या पहलवी भाषेत अनाहीद झालं, मग पुढचा 'अ' गळाला. तुमच्या साइटवाल्याने दोन नावांचे अर्थ एकत्र कालवले, पण अगदीच हवेत नाही कालवले.

खाला स्वतः सांगायची, 'आमच्या नावाची बाई सिकंदरची आई होती.' मी थट्टा समजायचो. नंतर कळलं की शाहनाम्यात खरंच आहे. फिरदौसीच्या गोष्टीत रूमचा राजा फिलकूस आपली मुलगी नाहीद इराणच्या दाराबला देतो. तिच्या तोंडाला वास येतो म्हणून राजाचं मन उडतं. हकीम इस्कंदर नावाची वनस्पती देऊन तो वास घालवतात, पण राजाचं मन काही परत येत नाही. तिला माहेरी धाडतो. तिकडे मुलगा होतो आणि त्या वनस्पतीवरून त्याचं नाव सिकंदर. म्हणजे फिरदौसीच्या हिशेबाने सिकंदर निम्मा इराणी! ग्रीकांना विचारू नका.

खाला ही गोष्ट सांगताना वासाचा भाग गाळायची.

चिकूवाली_डहाणू

दाभोळीभाई, तुमच्या खालाला सलाम. गाळणारच ना, आपल्या नावाच्या बाईचा तो भाग कोण सांगेल.

सायली, देवळांचं विचारलंस. होती, आणि राजांच्या मर्जीतली होती. इराणचा जुना सम्राट दारियस, त्याच्या शिलालेखांत नावाने फक्त आमचा परमेश्वर अहुरमज़्दा भेटतो. दुसरा अर्तक्षत्र, ज्याला ग्रीक आर्टाझर्क्सीस म्हणतात, इसवी सनपूर्व ४०४ ते ३५८, त्याच्या सूसा आणि हमदानच्या लेखांत पहिल्यांदा तीन नावं एका ओळीत येतात: अहुरमज़्दा, अनाहिता आणि मिथ्र. बाबिलोनचा पुरोहित बेरोसस सांगतो की याच राजाने तिच्या मूर्ती बसवल्या, बाबिलोनपासून पार बाख्त्रीपर्यंत. आमच्यात मूर्ती नसते, त्यामुळे हा भाग आमचे दस्तूर, म्हणजे पुरोहित, जरा भरभर उरकतात. पुढे सासानी घराणं ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो सासान इस्तख्र इथल्या अनाहिताच्या अग्निमंदिराची व्यवस्था बघायचा असं तबरी या जुन्या इतिहासकाराने लिहिलंय. म्हणजे चारशे वर्षं राज्य करणाऱ्या घराण्याची सुरुवात हिच्या दारातून.

मी नातेवाइकांबरोबर इराणला गेले होते. केरमानशाहजवळ ताक-ए-बोस्तान आहे. डोंगराच्या पोटातून झरे फुटतात, पुढे मोठं तळं, आणि कड्यात खोदलेली कमान. आत वरच्या बाजूला राजा मधे उभा, एका बाजूला अहुरमज़्दा त्याला कडं देतोय, आणि दुसऱ्या बाजूला एक बाई. तिच्या एका हातात कडं, दुसऱ्या हातातल्या झारीतून पाणी ओततेय. बहुतेक अभ्यासक राजा म्हणजे सासानी खुस्रो परवीज़ आणि ती बाई म्हणजे अनाहिता असं मानतात. खाली इराणी कुटुंबं चटया टाकून दुपारचं जेवत होती, पोरं पाण्यात पाय सोडून बसली होती. गाइड वर बोट दाखवून भाषण करत होता आणि सगळं लक्ष मात्र कबाबकडे. मला ते फार बरं वाटलं.

तिथून हमदानच्या रस्त्यावर कंगावर लागतं. पाटीवर 'अनाहिता मंदिर'. प्रचंड चौथरा, जाडजूड खांबांचे तुकडे. आमची एक आत्या लगेच डोक्याला रुमाल बांधून प्रार्थनेला लागली. पण पुरातत्त्ववाल्यांत यावर जुना वाद आहे. ते मंदिर नसून सासानी काळाच्या शेवटाकडचा राजवाडा आहे असं त्यांतले काही पटण्यासारखं मांडतात. आत्याला मी सांगितलं नाही. बिशापूरचं मात्र बघायला हवं: जमिनीत खाली उतरणारी चौकोनी दगडी वास्तू, भिंतीलगत चारी बाजूंनी पाणी खेळवायच्या पन्हळी. तिलाही तिचंच मंदिर म्हणतात, आणि तिथे मला शंका घ्यावीशी वाटली नाही.

आता आमच्या लोकांचं खरं ठिकाण. यज़्दपासून वाळवंटात आत, अर्दकानच्या बाजूला, पीर-ए-सब्ज़. सगळे चक चक म्हणतात, कारण कड्यातून थेंब थेंब पाणी गळतं त्याचा तो आवाज. भाजून निघालेल्या डोंगरात एकच हिरवा ठिपका. गोष्ट अशी की शेवटचा सासानी राजा यज़्दगर्द, जो ६५१ मध्ये मारला गेला, त्याची मुलगी निकबानू शत्रू पाठीवर असताना इथवर आली, डोंगराला म्हणाली मला पोटात घे, आणि डोंगर उघडला. (सीतामाईची गोष्ट आठवली ना? मलाही शाळेत ती पहिल्यांदा ऐकताना वाटलं होतं, ही तर आमची आहे.) दरवर्षी १४ ते १८ जून जत्रा असते. ठिकाण नजरेला पडलं की वाहनातून उतरायचं आणि पायी जायचं, असा रिवाज.

यज़्दच्या भागातच बानू-ए-पारसचं ठाणं आहे. तिथेही राजकन्येचीच कथा. मेरी बॉइस नावाच्या इंग्रज विदुषी १९६३-६४ मध्ये शरीफाबादला आमच्या लोकांच्या घरात राहिल्या होत्या. त्यांचं म्हणणं, ही 'पारसची बानू' म्हणजे मुळात अनाहिताच. देवीची पूजा मागे पडली, लोकांनी तिला राजकन्या केलं आणि पाण्याजवळचं ठिकाण सोडलं नाही. मला हे पटतं. आमच्या घरात कुणी 'अनाहिता'ची पूजा करतो असं म्हणत नाही, पण विहिरीत थुंकलं तर आजी पायताण काढायची.

अ_चिटणवीस

माहिती रंजक आहे. पण मराठी घरात मराठी नाव ठेवायला काय हरकत आहे? निर्मला आहे, सरिता आहे, हवं तर विमला. फारसी नावांची ही नवी फॅशन समजत नाही.

टवाळ_पेठकर

काका, 'चिटणवीस'मधला 'नवीस' कोणत्या गावचा?

अ_चिटणवीस

आडनाव निवडायला मला कुणी विचारलं नव्हतं.

दाभोळी_बंदर

पोरीलाही कोण विचारणार आहे काका. 😄

सायली_सिंहगडरोड

भांडू नका. 'निर्मला' माझ्या आजेसासूबाईंचं नाव होतं, त्यामुळे चिटणवीसकाकांची सूचना घरात फार जोरात चालली आहे!

मावशी, राहिलेला प्रश्न: आम्ही हे नाव ठेवलं तर तुमच्यातल्या कुणाला वाईट वाटेल का? आणि 'अनाहिता' की 'आनाहिता'? माझी मैत्रीण तर 'आ'च म्हणायची.

चिकूवाली_डहाणू

वाईट कशाला वाटेल? नावाला अगियारीचा दरवाजा नसतो. अर्मेनियात ख्रिस्ती बायका शेकडो वर्षं अनाहित नाव लावतात. ख्रिस्ती होण्याआधी त्यांची ती मोठी देवी होती, एरेज़ला तिची सोन्याची मूर्ती होती. ब्रिटिश म्युझियममध्ये साताला इथे सापडलेलं काशाचं एक सुंदर डोकं आहे, तेही तिचंच असं पूर्वीपासून म्हणत आलेत. अफगाणिस्तानात अनाहिता रातेबज़ाद होत्या, १९६५ मध्ये तिथल्या संसदेत निवडून आलेल्या पहिल्या बायकांपैकी एक. दाभोळीभाईंच्या खाला मुसलमान. मग सिंहगड रोडने काय पाप केलंय?

उलट गंमत सांगते. मुंबईची माणसं रोज हिच्यावरून ये-जा करतात. आमच्यात पाण्याची यज़द, म्हणजे पूज्य देवता, ती आवां, आणि आवां म्हणजेच अरेद्वी सूरा. 'आवां' म्हणजे पाणी, अनेकवचनी, वेदातल्या 'आपः'सारखं. त्यावरून पारशी बायकांचं जुनं लाडकं नाव आवां, आवाबाई. अनाहिता हे नाव पारशांत अलीकडच्या पिढ्यांत जास्त दिसतं. आजीच्या पिढीत घरोघरी आवाबाई. आता बघ, माहीमची खाडी ओलांडताना होड्या उलटून माणसं बुडायची. सर जमशेटजी जीजीभॉयांच्या पत्नीने १८४०च्या दशकात स्वतःचे १,५७,००० रुपये देऊन तिथे कॉज़वे बांधवला. लेडी जमशेटजी रोड, तुमचा एल. जे. रोड, तो त्यांच्याच नावाचा. आणि बाईंचं स्वतःचं नाव? आवाबाई. पाण्याच्या देवतेचं नाव असलेल्या बाईने पाण्यावर रस्ता बांधला. तिला ते सुचलं असेल की नाही माहीत नाही, मला मात्र माहीमला सिग्नलला अडकले की दर वेळी सुचतं.

मुंबईला आलीस तर चर्चगेटला क्रॉस मैदानाच्या टोकाला भीखा बेहरामची विहीर बघ. १७२५ची. समुद्र इतका जवळ असून पाणी गोडं. आत फक्त जरथोस्ती जातात, पण वरची रंगीत काचांची छत्री रस्त्यावरून दिसते. आवां महिन्यातल्या आवां रोजला, म्हणजे आठव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, तिथे दिवे लावायला आणि आवां यश्त म्हणायला रांग लागते. काही जण समुद्रावर जातात, फुलं, साखर, नारळ आणि दारनी पोरी वाहतात. दारनी पोरी म्हणजे गोड तुरीच्या डाळीचं जाड सारण आणि वर तुपातलं आवरण. पुरणपोळीची पारशी मावसबहीण म्हण. भारतातल्या बहुतेक पारशांच्या शहेनशाही पंचांगाने हा दिवस सध्या मार्चच्या उत्तरार्धात येतो, इराणात आबान, म्हणजे हाच आवां महिना, ऑक्टोबरच्या शेवटी लागतो. आमची लोकसंख्या एवढीशी आणि पंचांगं तीन, त्यामुळे तारीख कुणाला विचारतेस त्यावर आहे.

उच्चाराचं. तुझी मैत्रीण आजच्या फारसीप्रमाणे 'आनाहिता' म्हणायची, तिच्या जागी ते बरोबर. अवेस्तात मात्र पहिला 'अ' ऱ्हस्व आहे आणि दुसरा 'ना' दीर्घ. म्हणजे मराठीत सहज लिहितो तेच 'अनाहिता' जुन्या रूपाला जास्त जवळचं. तेच ठेव. आणि 'अनिता' म्हणणाऱ्या बाईंना पहिल्या दिवशीच थांबवायचं, टवाळ यांचं ऐकू नकोस.

सासूबाईंच्या 'अनाहूत'ला माझ्याकडे शास्त्रीय उत्तर नाही. त्यांना म्हणावं, घरात 'आवा' म्हणा. दोन अक्षरी आहे, हाक मारायला सोपं आहे आणि तीच देवता आहे. आमच्या वाडीत तर एका वेळी तीन आवा होत्या: मोठी आवा, चष्मेवाली आवा आणि भांडकुदळ आवा. तिसरीच्या नावावरून माझ्या बहिणीचं ठेवलं.

गीर्वाण

एक व्यावहारिक सूचना. घाई वाटत असेल तर बाळाच्या नावाशिवायही जन्मनोंद होते. नाव नंतर घालता येतं, वर्षाच्या आत शुल्क नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत मुदत आहे. सासऱ्यांशी चर्चेला एवढा वेळ पुरावा.

सायली_सिंहगडरोड

पंधरा वर्षं त्यांना कमीच पडतील 😀 आज त्यांनी स्वतःहून विचारलं, आवां यश्त देवनागरीत मिळतं का. मावशी, तुमच्याकडे गुजराती लिपीतलं असेल तर तेही चालेल म्हणतात, बडोद्याला नोकरी होती त्यांची. सासूबाईंनी अजून होकार दिलेला नाही, पण 'आवा' म्हणून हाक मारून बघितली. बाळ झोपलेलंच होतं, त्यामुळे मत नोंदवता आलं नाही.

चिकूवाली_डहाणू

गुजराती लिपीतला खोर्देह अवेस्ता, म्हणजे आमचं प्रार्थनेचं पुस्तक, आहे माझ्याकडे, यश्त त्यात आहे, खाली अर्थही दिलाय. मला निरोपात पत्ता पाठव, झेरॉक्स करून कुरियर करते. चिकूचा हंगाम चालू असला तर तेही येतील. सासऱ्यांना सांग, पुस्तकावर बोट ओलं करून पान उलटायचं नाही.